बर्फाच्या पेटीतलं पाणी

बाबा,

गेल्या आठवड्यात तुमची टाकी गच्चीवरून उतरवली. गच्ची गळते आहे, सोसायटीने वॉटरप्रूफिंगचं काम काढलं आहे, म्हणून वर जे जे साठलं होतं ते खाली न्यायचं ठरलं. फुटक्या कुंड्या, मोडक्या खुर्च्या, कोणाचा तरी पाळणा. दोन मजूर आले. त्यांनी टाकीभोवतीच्या फळ्या उचकटल्या आणि आतला थर्मोकोल पिठासारखा उडाला. एकाने मला विचारलं, ताई, हे काय होतं? मी म्हटलं, उन्हावर पाणी तापवायचं. त्याने गंजलेल्या पिंपाकडे पाहिलं, वर पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला. आई खाली दारात उभी होती. पिंप जिन्यावरून नेताना ती बाजूला झाली आणि ते गेल्यावर तिने पायरी झाडून घेतली.

आपण तुळिंजला राहायला आलो तेव्हा मी बारावीत होते. तिसरा मजला, वर गच्ची. पाणी टँकरने यायचं, वीज जायची, सिलिंडरला नंबर लावावा लागायचा, म्हणून आंघोळीचं पाणी रॉकेलवर. तुम्ही पहाटे साडेपाचला घर सोडायचात. आंघोळीशिवाय देवाला हात लावायचा नाही आणि देवाला हात लावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हे तुम्ही रत्नागिरीहून बरोबर आणलं होतं. त्यामुळे आई चारला उठायची. वातीचा स्टोव्ह पेटवायची, टोप चढवायची आणि भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची. पाण्याचा आवाज बदलला की उठायची. तुमचं त्याकडे लक्ष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. मग एका रविवारी जेवताना तुम्ही म्हणालात, "वर ऊन फुकट जातंय. टाकी बसवली तर तुला तासभर जास्त झोपता येईल." आईविषयी तुम्ही एवढं लांब बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. आई "बघा" म्हणाली आणि तिने तुमच्या पानात भात वाढला.

तुम्ही कारकून होतात. घरातला पंखा बिघडला तर समोरच्या काकांना हाक मारणारे. कुठल्याशा प्रदर्शनात तुम्ही तशी टाकी पाहिली होती, तेवढ्यावर सगळं उभं राहिलं. वालीवच्या एका गाळ्यातून पाइपांची जाळी वेल्डिंग करून आणलीत. शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा रंग तिला दिलात, ती पत्र्याच्या पेटीत बसवलीत, वर खिडकीची काच. शेजारी पिंप. पहिले दोन रविवार काहीच झालं नाही, पेटीतलं पाणी उकळायचं आणि पिंपातलं थंडच राहायचं. पिंप पेटीपेक्षा उंचावर हवं, म्हणजे तापलेलं पाणी आपणहून वर चढतं, हे तुम्हाला गाळ्यातल्या माणसाने सांगितलं की तुमचं तुम्हाला सुचलं, मला माहीत नाही. विटांचा चौथरा मात्र तुम्ही स्वतः रचलात. त्या दिवशी दुपारी पिंपाच्या नळाला आलेलं पाणी हाताला सहन होत नव्हतं. तुम्ही आम्हा दोघींना वर बोलावलंत. मी तुम्हाला एवढं खूश पुन्हा पाहिलं नाही. सोसायटीच्या टाकीतून जोड द्यायला कमिटीने नकार दिला होता, तेव्हा पिंप भरायचं काम आईकडे आलं. आम्ही घराबाहेर पडलो की ती कळशा घेऊन वर जायची.

पाणी दुपारी चारला कढत असायचं. पहाटेपर्यंत गार होऊन जायचं. आंघोळ आपण पहाटे करतो, हे टाकी बांधताना आपल्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. तुम्ही पिंपाला गोधडी गुंडाळलीत, मग भाताचा तूस भरलात, त्यात उंदीर झाले. मग आपण दोघं पाचूबंदरला गेलो होतो, आठवतं? मासळीचा लिलाव आटोपला होता, जेटी धुतलेली होती, एक कोळीण रिकाम्या थर्मोकोलच्या पेट्या एकावर एक रचत होती. तुम्ही पेट्या मागितल्यात.

"मावरा नको, नुसती पेटी?" ती म्हणाली. "काय ठेवनार हिच्यात?"

"गरम पाणी."

ती हातातलं काम थांबवून तुमच्याकडे बघत राहिली. मग पलीकडच्या बाईला म्हणाली, "ऐकलंस गो? बरफाच्या पेटीत गरम पानी ठेवनार." तुम्ही तिला समजावून सांगायला लागलात, की जे गार ठेवतं ते गरमही ठेवतं, पेटीला फक्त आत-बाहेर कळतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पेट्या तशाच दिल्या. आपण त्या रिक्षात मांडीवर घेऊन आलो.

वास महिनाभर गेला नाही. समोरच्या काकू शाकाहारी. त्यांनी जिन्यात आईला गाठून विचारलं, वहिनी, तुमच्या आंघोळीच्या पाण्याला बोंबलाचा वास येतो का हो? आई म्हणाली, "येतो ना. खाली उतरले की मांजरं मागं लागतात." घरी येऊन तिने हे तुम्हाला सांगितलं नाही, मला सांगितलं.

पेट्यांनी फरक पडला. पाणी पहाटे गार नसायचं, कोमट असायचं. डिसेंबरात कोमटाहून थोडं कमी. तुम्ही पाचला उठून बादलीत हात घालता आणि म्हणता, "बघ, अजून गरम आहे." बादलीतून वाफ येत असते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी, पदराला हात पुसते. हे चित्र माझ्या डोक्यात वर्तमानकाळातच राहिलं आहे. एकदा मला पोटात दुखत होतं म्हणून मी तुमच्याआधी उठले आणि पिंपातून खाली न्हाणीघरात आणलेल्या नळाखाली हात धरला, तर पाणी नदीसारखं गार. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. आत आई स्टोव्हपाशी बसलेली, टोपाला बुडबुडे यायला लागलेले. तिने मला पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं, मग टोप चिमट्याने धरून आणला आणि बादलीत ओतला. वातीच्या स्टोव्हला आवाज नसतो.

म्हणजे तिची झोप काही वाढली नव्हती. आधी फक्त तापवायचं होतं, आता कळशा वर न्यायच्या होत्या, तापवायचंही होतं आणि ते तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. मला तुमचा राग यायचा. एकदा मामा राहायला आले होते, तुम्ही त्यांना पाच मिनिटं ऊन आणि पाइप समजावत होतात, तेव्हा मी म्हटलं, सकाळी ते कोमट असतं. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तू मराठी घेतलंस ना बी.ए.ला? मग पाण्याचं मला शिकवू नकोस." मामा हसले. आई हसली नाही. तिने मला आत बोलावलं आणि कांदा चिरायला दिला.

तिने तुम्हाला एकदा सुचवलं होतं, संध्याकाळी आल्यावर करा ना आंघोळ, तेव्हा पाणी असतं. तुम्ही म्हणालात, "दिवेलागणीला आंघोळ? कोणाला पोचवून आलोय का?" तो विषय तिथेच संपला.

तुम्ही गेलात ते ऑफिसातच, डबा खाताना. त्या सकाळीही तुम्ही बादलीत हात घालून तेच वाक्य बोलला होतात. त्यानंतर आई आणखी एक उन्हाळा पिंप भरत राहिली. मग मुलांच्या चेंडूने काच फुटली आणि तिने ती बदलली नाही.

टाकी गेली त्या संध्याकाळी मी आईला विचारलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं. ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही ना, पाणी तू तापवायचीस ते?

"न कळायला काय झालं?" आई म्हणाली. "रॉकेलच्या रांगेत कोण उभं राहायचं?"

मला हे कधी सुचलं नाही. कॅन तुम्ही आणायचात. टाकीच्या आधी जेवढं लागायचं तेवढंच टाकीनंतर लागत होतं आणि ते तुम्ही दुकानापासून घरापर्यंत हाताला रुमाल गुंडाळून वाहून आणत होतात. तरी बादलीत हात घालून तेच म्हणत होतात. मी आईला म्हटलं, मग दोघांपैकी एकाने तरी बोलायचं.

"बोललो असतो तर ते पिंप काढावं लागलं असतं."

ती पुन्हा तांदळाकडे वळली. थोड्या वेळाने, ताटातून मान वर न करता, म्हणाली, "शिवाय दुपारी चारला मी बादलीत पाय सोडून बसायचे. पाणी निवेपर्यंत. ते मात्र त्यांना माहीत नव्हतं." मी तिच्याकडे बघितलं. तिला हसू येत होतं. मलाही हसायला हवं होतं, पण दिवसभराचं काम होऊन मी थकले होते आणि मला पहिल्यांदा असं वाटलं की तुमच्या दोघांत जे चाललं होतं त्यात मी कुठेच नव्हते. तुमच्यावर इतकी वर्षं रागावले त्याची कोणालाच गरज नव्हती.

आता घरात गीझर आहे. आईला झोपायला सगळी रात्र मोकळी आहे आणि झोप लागत नाही. डॉक्टर म्हणतात, वयाने होतं. ती साडेचारला उठते, गीझरचं बटण दाबते आणि स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन बसते. पाचला मला हाक मारते, ऊठ, पाणी झालं. मी उठते. आंघोळ करते, तिने केलेला चहा घेते, साडी नेसते. ती गॅलरीतून मी नाक्यावर वळेपर्यंत बघत असते. तिच्या दिवसातलं खरं काम तेवढंच उरलं आहे, मग सगळा दिवस ती खिडकीशी असते.

हे मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसून लिहिते आहे. वॉचमनकडून किल्ली मागून घेते, तो आता विचारत नाही. खिडक्या बंद आहेत, अजून कोणी आलेलं नाही. लिहून झालं की हे कागद माझ्या कपाटात खालच्या खणात जातील, तिथे जुने पेपर आहेत. सकाळच्या शाखेत मराठीला मुलं मिळत नाहीत, म्हणून जूनपासून माझा सकाळचा वर्ग बंद केला. माझा पहिला तास साडेदहाला असतो. आईला मी हे सांगितलेलं नाही.