आजेसासऱ्यांचं पत्र आणि माझे पुस्तकी शब्द

हाँगकाँग, रविवार

तीर्थरूप आईस, इतक्या दुरून रुईशिनचा नमस्कार.

मी मजेत आहे. कँटोनीज येतं आता, पण क्लासात शिकले ते सगळे पुस्तकी शब्द. मासेवाल्याशी बोलायला लागले की थोरल्या जाऊबाई मागून म्हणतात, "लागल्या बातम्या." स्वतःला वर्तमानपत्राचा मथळा धड कळत नाही, आणि तोरा बघावा.

चिंगमिंगला, म्हणजे इथल्या पितरांच्या सणाला, आजेसासऱ्यांच्या थडग्यावर गेलो होतो. बोटीवर नोकरीला असताना त्यांनी घरी धाडलेलं पत्र तिथे दरवर्षी मोठ्याने वाचतात. भाषा जुनी, ग्रंथातली. जाऊबाईंनी नेहमीच्या ठिकाणी डोळे पुसले. "किती माया हो बायकोवर," म्हणाल्या. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

कसली माया, कपाळ. त्या सगळ्यांत मला एकटीला शब्द न् शब्द कळला. म्हातारा विचारत होता, "तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर का नाही? घरी मी नकोसा झालोय का?"

मला रडू आवरेना. जाऊबाई हसल्या. "बघा, हिला काही न कळताही रडू येतं."

बाबांचा खोकला कसा आहे? भावाकडून लिहवून घे, दोन ओळी चालतील.

आई, हे माझं चौथं पत्र.

तुझीच,
रुईशिन