राहीच्या मापाचे बूट

इस्लामपूर,
४ नोव्हेंबर १९७७

प्रिय राही,

हे पत्र कुणाकडून वाचून घेऊ नकोस. शेजारच्या मास्तरांकडे तर मुळीच नेऊ नकोस. लहानपणी भिंतीवर कोळशानं तुला अक्षरं मीच शिकवली. तेवढीच मोठी अक्षरं आज काढली आहेत, म्हणून कागद इतके लागलेत. एकेक शब्द लावत वाच. वेळ लागला तर लागू दे.

कोरियाहून येऊन मला बारा दिवस झाले. तुझा निरोप तुमच्या गावच्या शालूबाईनं आणला. "दादाला इमानातनं जाता येतं, आन् म्हसवडची यष्टी घावत न्हाई व्हय?" ती हसत सांगत होती. ताप आहे म्हणून मी तिची बोळवण केली. राही, ताप नव्हता. रोज कारखान्याच्या गेटवर उभा राहतो, उसाच्या गाड्या आत सोडतो, घरी येऊन ताट पुढं ओढतो आणि घास गिळवत नाही. तुझ्यासमोर यायला माझी छाती होत नाही, हे खरं कारण.

जाताना मी किती खुशीत होतो ते तू पाहिलंस. लढाईच्या वेळी तिकडं गेलेल्या आम्हा म्हाताऱ्या शिपायांना तिथल्या सरकारनं पाहुणे म्हणून बोलावलं होतं. शेवटचे दोन दिवस ग्योंगजू नावाच्या जुन्या राजधानीत नेलं. गावाच्या मधोमध राजांच्या समाध्या आहेत, हिरव्या गवताच्या टेकड्या, कडब्याच्या गंजी शेजारी शेजारी रचाव्यात तशा. म्युझियममध्ये सोन्याचा मुकुट बघितला. त्याला पातळ सोन्याची पानं लोंबतात आणि जवळून कुणी चाललं तरी थरथरतात. मनात म्हटलं, राही म्हणणार, "येवढं सोनं आन् डोक्यावर? गळ्यात घालायचं की!" तुला काय काय सांगायचं ते मी असं एकेक साठवत होतो.

दुसऱ्या दिवशी जुनी घरं दाखवली. कौलांच्या कडा वर वळलेल्या, दारांना कागद लावलेला, परसात लोणच्याचे रांजण गळ्यापर्यंत पुरलेले. आत जाताना पायरीच्या दगडावर जोडे काढायचे, अगदी आपल्यासारखे. त्या दगडावर घरच्या बायकांचे पांढरे रबरी बूट ओळीनं ठेवले होते. ते बघितले आणि मला तुझे पाय आठवले.

नाथाजी लढाईवरून सुखरूप येईपर्यंत अनवाणी राहीन, असा नवस तू सिद्धनाथाला बोलली होतीस. बाभळीचा काटा मोडून टाच पिकली, तेव्हा पाण्याला जाताना तू एकच दिवस चप्पल घातलीस आणि त्याच आठवड्यात तो गेल्याची तार आली. तुझी सासू चंद्राबाई दारात उभी राहून म्हणाली, "तुज्या चपलंनं माझा ल्योक नेला." तेव्हापासून सव्वीस वर्षं तू अनवाणी आहेस. चंद्राबाई गेली, तरी तू चप्पल घातली नाहीस. माणदेशातलं ऊन काय असतं ते मला सांगायला नको. तुझ्या टाचांच्या भेगा बघून मी दर दिवाळीला "सोड गं आता" म्हणायचो आणि तू म्हणायचीस, "चुकी माजी हाय, दादा." खरं सांगू? मनातून मलाही वाटायचं की देवाचं काही सांगता येत नाही.

आता नाथाजी गेला त्या दिवसाचं सांगतो. तुला आजवर सांगितलं ते अर्धंच. आमची दवाखान्याची तुकडी एका ओसाड खेड्यात उतरली होती. थंडी अशी की बाटलीतलं औषध गोठायचं. नाथाजीच्या अंगात ताप होता. एका मातीच्या घरात मी त्याचं अंथरूण घातलं. तिथली चूल भिंतीच्या बाहेरच्या अंगाला आणि जमीन मात्र आतून गरम. तो खूश झाला. "जोत्या, चुलीम्होरं बसल्यागत वाटतंय रं," म्हणाला. मग मी घराला एक फेरी मारली. मागल्या भिंतीच्या बुडाशी एक भोक दिसलं. चुलीत तेव्हा विस्तवच उरला होता, त्यामुळं धूर काही नव्हता. मला वाटलं घुशीचं बीळ आहे आणि त्यातून वारं शिरतंय. रहिमतपूरला आपली आई हिवाळ्यात बिळं बुजवायची तसा मी चिखलात पेंढा कालवला, भोक गच्च बुजवलं आणि हातानं वरून सारवलं. दाराच्या फटीत कागद कोंबला. चुलीत आगगाडीचा दगडी कोळसा भरला आणि जखमींच्या तंबूत कामाला गेलो. सकाळी चहा घेऊन आलो तर तो गेलेला. डॉक्टरांनी थंडीनं हृदय बंद पडलं असं लिहिलं. तुला मी येऊन सांगितलं की त्याचा चेहरा टवटवीत होता, गालांवर लाली होती, झोपेतच सुखानं गेला. त्या लालीवर तू किती दिवस काढलेस!

परवा ग्योंगजूला त्या जुन्या घराच्या म्हाताऱ्या राखणदारानं आम्हाला चूल दाखवली. तिकडं चुलीचा धूर वर जात नाही गं. तो जमिनीखालच्या नाल्यांतून फिरतो, फरशी तापवतो आणि मागच्या भिंतीच्या भोकातून बाहेर पडतो. मला पाठीमागं नेऊन त्यानं ते भोक दाखवलं. त्याचं बोलणं दुभाष्यानं इंग्रजीत सांगितलं. हे तोंड बुजलं तर विषारी वायू फटींतून खोलीत येतो, झोपलेला माणूस उठत नाही, आणि त्याचे गाल लाल दिसतात. मी दोनदा विचारलं. दोनदा तेच सांगितलं. मी भिंतीला धरून तिथंच खाली बसलो. म्हाताऱ्याला वाटलं मला थंडी बाधली, तो हाताला धरून मला त्या गरम खोलीत नेऊ लागला. मी उंबऱ्यावर पाऊल ठेवू शकलो नाही.

राही, दवाखान्यात काम करणारा माणूस मी. लाल गाल दिसले तेव्हाच मला कळायला हवं होतं. नाथाजीला घरी आणून तुझं लग्न जुळवलं मी, आणि त्याला जिवंत कोंडून मारलं तेही मीच. माया म्हणून केलं, हे स्वतःला रोज सांगून बघतो. त्यानं काही हलकं होत नाही. गप्प राहावं, असंही वाटलं. तुझ्याशिवाय माझं म्हणावं असं माणूस मला उरलेलं नाही आणि तू तोंड फिरवलंस तर मी कुठं जाऊ? पण मी गप्प राहिलो तर तू तशीच तापल्या मातीतून चालत राहणार, माझ्या चुकीची शिक्षा भोगत. ते मला बघवणार नाही.

त्या घरांबाहेरच्या बाजारात मी तुझ्यासाठी पांढऱ्या रबरी बुटांचा जोड घेतला. दुकानदारीण माप विचारत होती. बहिणीच्या पायाचं माप मला माहीत नव्हतं, अंदाजानंच हात पसरून दाखवला. बूट पार्सलनं पाठवतोय. भाऊबीजेला दुपारच्या गाडीनं मी म्हसवडच्या स्टँडवर उतरेन. घरी येणार नाही, तिथंच पाराजवळ थांबेन. तू आली नाहीस तर परतीच्या गाडीनं जाईन आणि तुझा राग धरणार नाही. आलीस तर ओवाळू नकोस, शिव्या दे, हात उगार, चारचौघांत माझं नाव घेऊन सांग की यानं माझा नवरा मारला. मी मान खाली घालून ऐकेन. फक्त येताना, राही, पायात काहीतरी घालून ये.

तुझाच,
जोतीदादा