गोळ्यांची टोकं

शनिवार, ७ मार्च

जमलं! साचा जमला! तिसऱ्या खेपेला, पण जमला.

रायफलच्या स्पर्धेच्या गोळीला टोक असतं असं लोकांना वाटतं. नसतं! कारखान्यातून येते तेव्हा शेंड्यावर बारीक भोक, त्याचा काठ फाटका, आणि एकीचा काठ दुसरीसारखा नाही. जवळच्या निशाण्यावर कोणाला पत्ता लागत नाही. नऊशे मीटरवर मात्र हवा प्रत्येकीला वेगळी अडवते – एक वर, तर दुसरी वीतभर खाली. माझा साचा तो शेंडा चिमटीत धरल्यासारखा आवळतो. भोक जवळजवळ बंद, सगळ्या सारख्या! जहाजांच्या इंजिनरूममध्ये जन्मभर व्हॉल्व्ह घासले, ते फुकट नाही गेलं.

सगळं काम आमच्या रायफल क्लबच्या वर्कशॉपमध्येच, शस्त्रागार सांभाळणाऱ्या मिस्टर टेओंच्या डोळ्यांदेखत. या देशात घरी एक गोळी आणायची सोय नाही. त्यामुळे आमच्या लेकीला, श्रियाला, वाटतं की बाबा शनिवारी पेन्सिली तासायला जातात.

रविवार, ८ मार्च

जयवंती म्हणाली, "एवढी बारीक नजर कधी भेंडी निवडताना दिसली नाही." हे बायको म्हणून. नेमबाज म्हणून लगेच पुढचं – "मला किती देणार?"

बुधवार, ११ मार्च

क्लबची मेल आली. जूनमध्ये ऑस्ट्रेलियात लांब पल्ल्याची स्पर्धा. जागा एकच! आणि शेवटच्या यादीत नावं दोन – मी आणि माझी बायको. निवड २८ तारखेला, थायलंडच्या रेंजवर; इथे नऊशे मीटर मोकळी जागा कुठे!

मला जायचंय. अगदी लहान पोरासारखं जायचंय. पण तिलाही जायचंय, आणि ती माझ्यानंतर शिकून माझ्यापुढे गेलीय, हेही खरं. जेवताना दोघंही फार सभ्यपणे वागलो. "तू घे ना शेवटची पोळी." "छे, तू घे." श्रिया वैतागली, इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून – "फ्लॅटमध्ये फायटिंग नको हं, मला एक्झाम आहे लाह!"

शनिवार, १४ मार्च

दोघांच्या गोळ्यांना टोकं काढून झाली, काडतुसंही भरून झाली. माझ्या डब्याला लाल पट्टी, तिच्या डब्याला हिरवी.

इथे लिहायला हरकत नाही – माझ्या गोळ्यांच्या वेळी साचा अंमळ जास्त आवळला. अंमळच! टेओ तेवढ्यात फोनवर होते. काय सुरेख टोक आलं, बोटाला टोचेल असं! तिच्या गोळ्या आपल्या नेहमीसारख्या. त्याही चांगल्याच आहेत की. शिवाय साचा माझा, मेहनत माझी. घरात नवरा-बायको, रेंजवर नाही.

लिहिताना पटतंय. झोपताना पटेल की नाही, बघू.

रविवार, १५ मार्च

नाही पटलं.

गुरुवार, १९ मार्च

जयवंती आज एकटीच क्लबला जाऊन आली. सरावाला म्हणे. आल्यापासून भलतीच गोड! मागायच्या आत चहा, उपास नसताना साबुदाण्याची खिचडी, वर "दमलास का रे?" अशा बाईला मी फसवतोय! तरी दोन वाट्या खाल्ल्या.

शनिवार, २८ मार्च, थायलंड

जिंकलो!!

असा नेम माझ्या हातून कधी लागला नव्हता. गोळ्या एकामागून एक मधल्या वर्तुळात, जणू कोणी हाताने नेऊन ठेवतंय. जयवंतीच्या मात्र वरखाली, वरखाली. वारा ती माझ्यापेक्षा चांगला वाचते, तरी बिचारीच्या हातात काही राहिलं नाही. शेवटी रायफल ठेवून तिने माझी पाठ थोपटली. "ऑस्ट्रेलियाला जाताना कोट घे हं, जूनमध्ये तिकडे थंडी." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आनंदही होत होता, तोही लिहायला हवा. भरपूर होत होता.

मग आमच्याबरोबर आलेल्या टेओंनी तिच्या डब्यातलं उरलेलं काडतूस उचललं, भिंगाखाली धरलं. "टू शार्प लाह! जास्त दाबलं की टोकाखालची मान फुगते. मग हवेत गोळी बिघडते. हूज वर्क?"

माझंच काम. पण तिच्या तर मी जपून दाबल्या होत्या! जास्त दाबल्या त्या माझ्या! काही कळेना. काय असेल ते असो, उद्या घरी पोचलो की तिला सगळं खरं सांगणार. जागा गेली तर गेली.

रविवार, २९ मार्च

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "रागवू नकोस. त्या गुरुवारी क्लबात बघितलं, तुझ्या गोळ्या माझ्यापेक्षा टोकदार. राहवलं नाही रे! पट्ट्या सोलल्या आणि तुझी माझ्या डब्याला, माझी तुझ्या डब्याला चिकटवली. झाली मला शिक्षा!" हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसलो. जरा जास्तच मोठ्याने.

मग ती एकदम थांबली.

"पण काय रे, तुझ्याच तेवढ्या टोकदार कशा झाल्या?"