पाणी निवळेपर्यंत

बालाघाट,
ता. १४ जानेवारी १९७३

चि. चारुलता हिला अनेक आशीर्वाद.

मी ठीक आहे. तुझ्या आईच्या अस्थींचं मडकं अजून अंगणातल्या कडुनिंबालाच टांगलेलं आहे. वैनगंगा इतकी जवळ असताना कशाची वाट पाहतो, असं रामपायलीचा तेजराम विचारतो. चुलतभाऊ आहे, बोलणारच. पण जायच्या आधी ती म्हणाली होती, "मले चारूच्या समुद्रात सोडजा." महाशिवरात्रीनंतर मुंबईला येतो. तुझ्या प्रयोगशाळेमागेच खाडी आहे म्हणतेस, तिथेच सोडू.

तुझ्या प्रयोगशाळेतल्या तेल खाणाऱ्या जंतूंना वेळेवर खायला मिळतं, तुला मिळतं का ते कळव. लोभ आहेच, तो राहू दे.

बाबा

मुंबई,
ता. २५ जानेवारी १९७३

ती. बाबांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

आईला इथे आणू नका. खाडीचं पाणी काळं आहे, वर तेलाची साय धरते. नमुना घेताना हात कोपरापर्यंत बरबटतो. कितीही साबण लावला तरी जेवताना बोटांना वास येतो. इथले मासे कोळणी विकतात, पण स्वतःच्या घरी रांधत नाहीत. रॉकेलची चव लागते. लांबच्या किनाऱ्यावरही वाळूतल्या डांबराच्या गोळ्या पायाला चिकटतात.

जंतूंची किळस करू नका. तेल थोडं असलं आणि हवा मिळाली तर ते खाऊन टाकतात, पाणी हळूहळू निवळतं. पण खाडीकाठचा कारखाना नळातून रोज तेलकट सांडपाणी ओततो. हवा संपते, मग त्यांचंही काम थांबतं. त्या सांडपाण्यातला पारा तर त्यांना खाऊन संपवताच येत नाही. परवा कारखान्याचे साहेब नाकाला रुमाल लावून आले आणि म्हणाले, "तुमचे जंतू आहेत ना खायला? मग आम्ही नळ कशाला बंद करायचा?" पाण्यापेक्षा मला त्यांचीच जास्त शिसारी आली.

नळ बंद करा, असं मी अहवालात लिहून देणार आहे. वरिष्ठ नाराज आहेत, नोकरीची खात्री नाही. आईला वैनगंगेतच सोडा.

आपली माया अशीच राहो.

चारू

बालाघाट,
ता. ८ फेब्रुवारी १९७३

चि. चारुलता हिला आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस अन्नाकडे पाहवलं नाही. तेजरामलाही वाचून दाखवलं. काल मडकं उतरवून आम्ही घाटावर गेलो. भटजी आले होते. माझा हात पुढे होईना, म्हणून तेजरामनं समजूत घातली. "दादा, नदी समुद्रालेच जाते. बाकीचं ते जंतू पाहून घेतील. काहून जीव जाळता?"

तो प्रेमानंच बोलला. पण ते कारखान्याचे साहेब बोलले ते हेच. मला त्याच्या शेजारी उभं राहवेना. मडकं घेऊन परत आलो आणि कडुनिंबाला बांधलं. विसर्जन वर्षाच्या आत व्हायला हवं, असं भटजी बजावतात. शेजारणींनी अंगणातून ये-जा बंद केली आहे.

तुला लिहायचं ते लिही. नोकरी गेली तर इकडे ये. राहिली तर तो नळ बंद झाल्यावर आणि पाणी निवळल्यावर कळव. तोवर तुझी आई आणि मी, आम्ही दोघं थांबतो.

बाबा