बाबांनी सुहासला लिहिलेली ओळ

आई,

गोमती नगरच्या ऑफिसला निघालोय. बाबांचा कॉम्प्युटर बंद करू नकोस. ते करायचे तशीच त्यातली सगळी सिस्टिम सोर्स कोडपासून, म्हणजे अगदी मुळापासून, नव्याने बांधतोय; ते काम संध्याकाळपर्यंत चालेल. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर पंखा लावू नकोस.

एक चूक झाली. सुरुवातीला सेटिंगच्या प्रत्येक फाइलपाशी तो विचारत होता, जुनी ठेवू की नवी घेऊ? मी कंटाळून सरसकट ‘नवी’ म्हणत गेलो. कॉम्प्युटर लावल्यावर बाबांनी तुझ्यासाठी लिहिलेली ओळ दिसायची, ती त्यात पुसली गेली. कॉपी ठेवली नव्हती. बाबा गेल्यापासून तू रोज सकाळी तेवढ्यासाठीच तो लावतेस, हे मला ठाऊक होतं.

मला नुसतं सुरुवातीचं तुझं नाव, ‘सुहास’, आठवतंय. पुढचं या कागदामागे लिहून ठेव, जसंच्या तसं परत घालतो. नाही लिहावंसं वाटलं, तर तुझ्यापाशीच राहू दे.

श्रीरंग