चपलांची राखण

शनिवार, २१ मार्च

पुढच्या शनिवारी हंपी. सँडल्स मिळाल्या एकदाच्या.

खरं तर सकाळीच घेणार होते. पण कॅम्पातल्या दुकानाचे यासीनभाई खोकं मिटून बसले. "ताई, आत्ता पाय लहान आहेत. उन्हात फिरलं की फुगतात. संध्याकाळी या, आणि चालत या, रिक्षाने नको." आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार आमच्या पुण्यातच भेटायचा. चिडले, पण गेले चालत. सकाळचं माप खरंच घट्ट झालं होतं. मग एक नंबर मोठ्या घेतल्या, जाड सोलच्या, टाच धरून ठेवणाऱ्या. त्यांनी दुकानाचा जिना तीनदा चढायला लावला. टाच एकदाही दुखली नाही. वर जाड मोजेही दिले, देवळात अनवाणी जावं लागतं आणि दगड तापलेला असतो म्हणून.

अजिंठा झालं, हळेबीड झालं. मी काय पाहिलं? सगळ्यांच्या चपला. टाचा दुखतात म्हणून दरवेळी मलाच राखणीला बसवतात. आणि मी बसते. का बसते कोण जाणे.

आत्ता चहा पिताना हे म्हणाले, "तू आहेस, म्हणजे चपलांची काळजी नाही."

मी म्हटलं, "या वेळी तुम्ही बसा. मला पडके महालसुद्धा सगळे बघायचेत."

यांनी कपातला उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "तिथे सावली असते ना?"

"असते. आणि माझ्या सँडल्सकडे नीट लक्ष ठेवा, नव्या आहेत."