चारीत न गेलेली गाडी

१२ ऑक्टोबर
हाल्डोर येऊन गेला. कॉफी संपायच्या आत विषय काढलाच. "आई, या हिवाळ्यात गिम्लीला माझ्याकडे ये. एकटीनं गाडी सांभाळणं आता तुला व्हायचं नाही."
मी म्हटलं, "तुझा बाप गेल्यापासून काय शेजाऱ्यांचं मांजर सांभाळतंय होय गाडी?"
शेवटी पैज लागली. बर्फ वितळेपर्यंत एकदा जरी गाडीसकट रस्त्याकडेच्या चारीत गेले, तर घर बंद करून त्याच्याकडे जायचं. नाही गेले, तर हा विषय कायमचा बंद.
पोटच्या पोराशी स्वतःच्या घराची पैज. लावली खरी.

१५ ऑक्टोबर
ओरेस्टच्या टायरच्या दुकानात गेले. त्यानं आधी बारमाही टायर दाखवले. "घ्या आजी, वर्षभर बघायला नको."
"जानेवारी धरून?"
मी रबरात नख रोवून बघितलं. आत्ताच इतकं टणक, तर खऱ्या थंडीत वाळक्या पावासारखं होणार. मला डोंगर आणि आत बर्फाची चांदणी अशी खूण असलेले हिवाळी टायरच हवे होते. ते मऊ राहतात, रस्ता धरतात.
मग म्हणे दोनच घ्या, मागच्या चाकांना पुरतील.
"आणि गाडी वळवायची कशानं? तुझ्या जिभेनं?"
चार घेतले. बसवून घेतले. ओरेस्ट जाताना म्हणाला, "थोडी फिरवली की नट परत आवळून घ्या." तेवढं मात्र शहाणपणाचं बोलला.

१९ ऑक्टोबर
नट आवळले. समोरासमोरचे, एकाआड एक. दोन ढिले होतेच.

१० नोव्हेंबर
आज बर्फ बसला. आता हलणार नाही. वाळूच्या गोण्या गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात चढवल्या, बरोबर मागच्या चाकांच्या वर, आणि बांधून टाकल्या. रिकामा पिकअप मागून शेपूट हलवतो, कुत्र्यासारखा.

३ डिसेंबर
काल गिम्लीला गेले तर हाल्डोरनं माझी गाडी त्याच्या गरम गॅरेजात घेतली आणि चाकांत हवा भरली. "बघ, अगदी आकड्यावर." सून जेनिस बाहेर गेलीय म्हणाला, म्हणून घरात न शिरताच परतले. आज सकाळी अंगणात बघते तर चारही चाकं बसलेली. हवा गारठली की आक्रसते, एवढं या बाप्याला कळू नये! गाडी थंड, बाहेर उभी असतानाच हवा मोजायची असते. पुन्हा भरली. बोटं बधिर झाली.
त्याला फोन केला – "तुझी हवा तुझ्याच गॅरेजात राहिली रे."
हसला नाही. हल्ली हसतच नाही.

९ जानेवारी
उणे अडतीस. रात्रभर उभं राहून टायर खालून चपटे झालेले. सुरुवातीला बैलगाडीत बसल्यासारखे हादरे. हळूहळू नेली. चर्चपर्यंत चाकं गोल झाली.
पाद्र्याच्या बायकोनं विचारलं, "एवढ्या थंडीत आलात?" मी म्हटलं, देव आलाय का ते बघायला आले.

१ फेब्रुवारी
दुपारी हाल्डोरचा फोन. मी बरी आहे का बघायला येत होता. दफनभूमीच्या वळणावर गाडी सरळ चारीत.
गाडी ओढायचा पट्टा घेऊन गेले. त्याची नवी कोरी गाडी नाकावर उभी. खाली वाकून टायर बघितले. बारमाही! कारखान्यातून आले तेच.
"अरे, हे काय?"
"फोर बाय फोर आहे ना आई, चारही चाकं ओढतात."
"फोर बाय फोरनं निघता येतं. थांबायचं कशानं?"
"कुणाला सांगू नकोस."
"अख्ख्या गावाला सांगणार."
ओढून काढली. पण त्याचं मनगट सुजलेलं, चालवता येईना. त्याची गाडी माझ्या अंगणात लावली आणि त्याला माझ्या गाडीतून घरी पोचवलं.
घरात शिरले. दाराशी एकच बुटांचा जोड. खुंट्यांवर त्याचाच कोट. बेसिनमध्ये एक वाडगा, एक चमचा.
"जेनिस कुठाय?"
"गेली."
"कधी?"
"सप्टेंबरात."
सप्टेंबरात! आणि मला ये म्हणाला ऑक्टोबरात. मी मेली टायर मोजत बसले.
"मला सांगायला काय झालं होतं?"
"तू म्हणाली असतीस, ‘ही टिकायची नाही, मी आधीच सांगितलं होतं.’"
"म्हणालेच असते."
मनगटाला पट्टी बांधली. बटाट्याचं सूप करून ठेवलं. तो दोनदा वाढून घेऊन जेवला. अंधार पडायच्या आत परत आले. गाडी तसूभरही सरकली नाही.

२ फेब्रुवारी
गोठू नयेत म्हणून नळ रिकामे केले, घर तापवायची भट्टी बंद केली. निघायच्या आधी हाल्डोरचा फोन – "आई, मी हरलो. पैज तू जिंकलीस. राहा तुझ्या घरात."
म्हटलं, "ते मला माहीत आहे. तुझ्या गॅरेजातली खोकी हलव, माझी गाडी येतेय."